ऑनलाइन टीमला बोलतं करायचंय? मग या चुका टाळा

इंदूरमध्ये बसून पुण्या-कोचीच्या लोकांबरोबर काम करणाऱ्या टीम आता पुष्कळ आहेत. त्यांच्या मीटिंगांत सुरुवातीला दहा मिनिटं एखादा आइसब्रेकर, म्हणजे संकोच घालवणारा खेळ घेतात, तेही बरंच आहे. पण खेळ संपतो, सगळे हसतात आणि कामाचा विषय निघाला की पुन्हा तीच शांतता. मग खापर टीमवर फुटतं: ‘आमचे लोक बोलतच नाहीत.’ लोक बोलतात हो! खेळ घेणाऱ्याने त्यांना बोलायला जागा ठेवलेली नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साहेबांनी आधी उत्तर देणं. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. खेळ साधा होता: ‘महिनाअखेरची रिलीजची तारीख जमेल? अंगठा वर, आडवा की खाली?’ मॅनेजरसाहेबांनी उत्साहात पहिला अंगठा वर केला. मग स्क्रीनवर एकेका चौकटीत अंगठे वर होत गेले. टेस्टिंगमधल्या एका मुलीचा हात अर्धा आडवा उठला होता, तो तिने हळूच सरळ केला. संध्याकाळी तिने मला फोन करून सांगितलं, ‘ताई, पेमेंटचा भाग अजून तपासलेलाच नाहीये.’

पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न मी माझ्या पद्धतीने घेतला. प्रत्येकाने चॅटमध्ये उत्तर टाइप करायचं, पण एंटर दाबायचं नाही. मी ‘तीन’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. निम्म्याहून जास्त उत्तरं ‘नाही’ अशी आली. माणसं तीच होती, प्रश्नही तोच होता.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1951 च्या सुमारास अमेरिकेत रेषांच्या लांबीचे प्रयोग केले होते, त्यातही हेच दिसलं. आधी उत्तर देणारी सगळी माणसं प्रयोगात सामील असत आणि ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या मागे वाहत जात. एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा निघाला किंवा उत्तर कागदावर गुपचूप लिहायला मिळालं, तर हे प्रमाण एकदम खाली येई. म्हणून माझा नेम ठरलेला आहे: आधी लिहायचं, मग बोलायचं. बोलताना सर्वांत नवा माणूस आधी, साहेब शेवटी. साहेबांना हे मीटिंगच्या आदल्या दिवशी सांगून ठेवावं, ऐनवेळी सांगितलं तर त्यांना राहवत नाही.

दुसरी चूक पहिल्या ‘नाही’नंतर होते. कुणीतरी धीर करून वेगळं मत देतो आणि लगेच प्रश्न येतो, ‘का बरं? जरा समजावून सांग.’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण बाकीच्यांना ती उलटतपासणीच वाटते आणि पुढचे चार जण गप्प बसतात. मी आधी विचारते, ‘असं आणखी कुणाला वाटतंय?’ एकाला दोन सोबती मिळाले की कारणं आपोआप बाहेर येतात.

आता ‘निनावी’ फॉर्मबद्दल, कारण यात विश्वासच तुटतो. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये फक्त संस्थेतल्या लोकांसाठी फॉर्म केला, तर नाव नोंदवायची खूण आधीपासूनच चालू असते; ती स्वतः काढावी लागते. झूमच्या पोलमध्ये निनावीची खूण पोल तयार करतानाच करायची असते. निनावी म्हणून सांगितलं आणि नावं दिसली, तर ती टीम पुढे कितीतरी दिवस खरं लिहीत नाही. मी फॉर्म पाठवण्याआधी तो स्वतः भरून उत्तरांच्या पानावर काय दिसतं ते बघते.

‘दोन खरं, एक खोटं’ (स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, खोटी बाकीच्यांनी ओळखायची) हा खेळ ओळखीसाठी ठीक आहे, मतांसाठी निरुपयोगी. लहानपणचे फोटो किंवा ‘सर्वांत लाजिरवाणा प्रसंग’ मागूच नका. कॅमेऱ्याची सक्ती नको. प्रश्न विचारून तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊ नका. नेटवर्क मागे पडतं, माणूस म्यूट काढत असतो. मी मनात दहा आकडे मोजते. आणि इंग्रजीचा आग्रह सोडा. जो हिंदीत किंवा मराठीत ठाम बोलतो, तोच इंग्रजीत ‘ओके सर’वर थांबतो.

मतभेदाची सवय मात्र हलक्या विषयापासूनच लावावी, हे घाईत असलेल्या नव्या एचआर मंडळींना पटत नाही. पहिल्याच दिवशी ‘कंपनीत काय चुकतंय?’ विचारलं तर कोण बोलणार? माझा पहिला प्रश्न इंदूरचाच असतो: पोह्यांवर जिरावण मसाला हवा की नको, आणि जलेबी सोबत की नंतर? पुणेकर वाफेवरच्या पोह्यांना नावं ठेवतात, इंदूरकर चवताळून उठतात, आणि साहेबांनाही सगळ्यांसमोर ‘नाही, अजिबात नाही’ ऐकून घ्यावं लागतं. पुढच्या वेळी विचारायचं, ‘आपली कोणती मीटिंग बंद करावी?’ रिलीजच्या तारखेचा प्रश्न त्यानंतरच. आणि ज्या मीटिंगच्या विरोधात मतं पडली, तिच्याबद्दल काय ठरलं ते त्याच आठवड्यात टीमला कळवा, ठरलं नसेल तर तसंही सांगा.