पळणं आणि लेग डे एकाच आठवड्यात कसं बसवायचं, तेही सोलापूरच्या उन्हात

सोमवारी जिमला लेग डे मारायचा, मंगळवारी पाय भरून आलेले, बुधवारी जिना उतरताना कठडा धरायचा, गुरुवारी कसंतरी पळायला जायचं तर दोन किलोमीटरात हवा गुल, आणि मग शुक्रवारी ठरवून टाकायचं की पळणाऱ्यांनी पायाचा व्यायाम करायचाच नसतो. कंबर तलावाकडं सकाळी पळायला येणाऱ्यांत ह्या मताची लई मंडळी भेटतील. भरतीची तयारी करणारी पोरं तर लेग डेला हातच लावत नाहीत, 1600 मीटर बिघडेल म्हणून, आणि वर दिवसभर छाती-बायसेप्स मारत बसतात.

तर मुद्दा असा आहे की लेग डे वाईट नाही, तो ठेवलाय चुकीच्या दिवशी. जड दिवस जडच ठेवायचा आणि हलका दिवस खरंच हलका ठेवायचा, एवढं जमलं की बाकीचं आपोआप बसतं. म्हणजे ज्या दिवशी सकाळी जोरात पळायचंय त्याच दिवशी संध्याकाळी पाय मारायचे. ऐकायला उलटं वाटतं, एकाच दिवशी दोन्ही म्हणजे मरायचं काय बे, पण विचार करा, पाय भरून येतात ते व्यायामानंतर 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त. मंगळवारी संध्याकाळी स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) मारले तर बुधवार-गुरुवार जड जाणार हे नक्की, मग बुधवार मोकळाच ठेवा की. उलट सोमवारी पाय आणि मंगळवारी इंटरव्हल (थोडं अंतर जोरात, मधे दम खाऊन परत) असं केलं तर दोन्ही अर्धवट होतं, शिवाय आठवड्यात एक दिवससुद्धा पायांना खरा आराम मिळत नाही.

आपल्याकडं हे वेळापत्रक उन्हामुळं तसंही सोयीचंच पडतं. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, संध्याकाळी सहालासुद्धा डांबर तापलेलं असतं, त्यामुळं पळायचं ते सकाळी साडेपाचलाच, ऊन वर यायच्या आत, आणि जिम संध्याकाळी पंख्याखाली. मधे दहा-बारा तास जातात, आणि दोन्हींत किमान सहा तास अंतर असावं असं जे सांगतात ते इथं काही न करता मिळतं. मधल्या वेळात नीट जेवायचं, जमलं तर दुपारी थोडी झोप काढायची, आणि मीठ-लिंबू घातलेलं पाणी चालू ठेवायचं.

दोन्ही एकत्र करून ताकद वाढत नाही असं कुणी सांगितलं तर त्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन नावाच्या संशोधकानं 1980 मध्ये हे करून पाहिलं होतं. दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद सात-आठ आठवडे छान वाढली, मग अडकली आणि शेवटी खाली यायला लागली. पण ते लोक आठवड्यात पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमाचा व्यायाम करत होते ओ, दहा आठवडे! आपण आठवड्यात दोनदा पाय आणि चार वेळा पळणं करणार, तिथं एवढं घाबरायचं कारण नाही. पळणाऱ्याला मांड्या फुगवायच्या नसतातच, त्याला पाहिजे असतं की तेवढ्याच वेगाला कमी ऑक्सिजन लागावा, आणि जड वजनाच्या व्यायामानं नेमकं तेच सुधारतं.

आता आठवडा कसा लावायचा ते सांगतो, रविवारी लांब पळता असं धरून. सोमवारी सुट्टी, फार तर चालणं. मंगळवारी सकाळी इंटरव्हल, म्हणजे 400 मीटरचे सहा-आठ राऊंड किंवा जे काही तुमचं जोराचं असेल ते, आणि संध्याकाळी पायांचा जड व्यायाम. बुधवारी एकतर काहीच नाही नाहीतर अर्धा तास इतकं हळू की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. इथंच सगळे माती खातात, हळू पळायची लाज वाटते, तलावाजवळ कुणी ओव्हरटेक केलं की ह्यांचा इगो जागा होतो. गुरुवारी सकाळी मध्यम वेगानं 20-25 मिनिटं, संध्याकाळी पायांचा दुसरा सेशन पण मंगळवारच्या निम्मा. शुक्रवारी आराम, वाटलं तर खांदे-छाती करा. शनिवारी छोटं हळू, रविवारी लांब. गुरुवार संध्याकाळ ते रविवार पहाट अडीच दिवस मिळतात, तेवढ्यात पाय मोकळे होतात.

ज्यांना नोकरीमुळं दिवसात एकच वेळ मिळते, एमआयडीसीत शिफ्ट असते वगैरे, त्यांनी पळणं महत्त्वाचं असेल तर आधी पळून मग वजनं उचलावीत, फक्त त्या दिवशी पळणं छोटं आणि सोपं ठेवावं. जड स्क्वॉट करून लगेच इंटरव्हल मारू नका, पाय थरथरत असताना पावलं नीट पडत नाहीत.

व्यायाम कुठले? जिममधल्या ट्रेनर अण्णाला विचारलं तर तो लेग प्रेस, एक्स्टेंशन, कर्ल, सगळं चार-चार सेट पाय सुजेपर्यंत सांगणार. बॉडीबिल्डिंगसाठी ते ठीक आहे, पळणाऱ्याला पाच-सहा गोष्टी बास. एक स्क्वॉट, एक रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कंबरेतून झुकत हातातलं वजन खाली-वर करणं), एक एका पायाचा व्यायाम म्हणजे स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढं, एक मागं ठेवून बैठक) किंवा बाकावर चढणं, पोटऱ्यांचे दोन प्रकार, आणि शेवटी साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर अंग सरळ तोलून धरणं). स्क्वॉट आणि डेडलिफ्टचे तीन सेट, एका सेटला पाच ते आठ रेप्स म्हणजे तेवढ्या वेळा, वजन एवढं की सेट संपल्यावर अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं बसा निवांत. दम लागावा म्हणून हे करत नाही आपण, दमाचं काम पळण्यात होतंच. अर्धा तास पळालं की पाच हजाराच्या आसपास पावलं पडतात, म्हणजे हलक्या वजनाचे हजारो रेप्स तुम्ही आधीच मारलेत, जिममध्ये परत 25-25 रेप्स कशाला?

पोटऱ्यांवर जरा थांबतो कारण तिथंच लोक कंजुषी करतात. पोटरीत खालच्या बाजूला, मोठ्या स्नायूच्या आत सोलियस नावाचा एक स्नायू असतो, पळताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. गुडघा सरळ ठेवून टाचा उचलल्या तर वरचा मोठा स्नायू जास्त काम करतो आणि गुडघा वाकवून उचलल्या तर हा सोलियस, म्हणून दोन्ही पाहिजेत. घरी जिन्याच्या पायरीवर एका पायानं, टाच पूर्ण खाली, एक सेकंद थांबून वर, 12 ते 15 चे तीन सेट. सोपं जायला लागलं की दहा किलो ज्वारीची पिशवी पाठीवरच्या सॅकमध्ये टाका. जिम नसलेल्यांना 20 लिटरचा पाण्याचा जार भरला की 20 किलो मिळतातच, फक्त पाणी आलेल्या दिवशी भरून ठेवा, नाहीतर घरात शिव्या.

बैठकांचं काय, असं तालमीतली पोरं विचारतील. बैठका चांगल्याच आहेत, वॉर्मअपला 20-30 मारा, पण शेकड्यांनी मारलेल्या बैठका चिवटपणा देतात, जड वजनासारखी ताकद देत नाहीत. आणि सवय नसताना पैज लावून पहिल्याच दिवशी 500 मारू नका, त्यातही उन्हाळ्यात अजिबात नको. स्नायू इतके तुटतात की त्यांचा कचरा किडनीवर येतो. नंतर लघवी कोकासारखी काळपट झाली, पाय सुजले, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

नवीन माणसानं पहिले दोन-तीन आठवडे दोनच सेट, हलकं वजन, एवढ्यावर समाधान मानावं. पहिल्यांदा पाय जेवढे भरतात तेवढे नंतर भरत नाहीत, शरीर लवकर शिकतं. सगळ्यात जास्त भरून आणतात स्प्लिट स्क्वॉट आणि रोमानियन डेडलिफ्ट, त्यामुळं ते सुरुवातीला अगदी थोडेच. दर चौथ्या आठवड्यात सेट निम्मे करा. आणि पळायचे किलोमीटर वाढवणं आणि वजन वाढवणं एकाच आठवड्यात करू नका, एक वाढवताना दुसरं तिथंच राहू द्या.

पाय भरणं आणि दुखापत ह्यातला फरक ओळखता आला पाहिजे. भरलेले पाय दोन्हीकडं सारखे, पसरट दुखतात आणि दहा मिनिटं चाललं की मोकळे होतात. एकाच बाजूला, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, पळताना वाढत असेल, नडगीच्या हाडावर दाबलं की कळ येत असेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर. तिथं बाम चोळून काही होत नाही.

खाण्यात आपल्याकडं भाकरी आणि शेंगा चटणी आहे म्हणून प्रोटीन झालं असं समजू नका. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण चटणी आपण खातो किती, दोन चमचे. वजनं आणि पळणं दोन्ही करणाऱ्याला किलोमागं साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 95 च्या आसपास. अंड्यात सहा ग्रॅम. मग मटकीची उसळ, डाळ, दही, अंडी, ज्यांना चालतं त्यांनी चिकन, असं दिवसभरात वाटून घ्यावं लागतं. कडक भाकरी मात्र सोडू नका, जोराच्या दिवशी पीठ-भात कमी करणारे लोक पुढच्या सकाळी पळताना ढेपाळलेले दिसतात.

भरती किंवा रेस असेल तर शेवटचा जड लेग डे आठ-दहा दिवस आधी घ्यायचा, आणि चार-पाच दिवस आधी एकदा फक्त दोन-दोन सेट, वजन ओळखीचं, न दमता. लेग डे एकदम बंदही करू नका. आदल्या दिवशी 15 मिनिटं हळू जॉग, 80-100 मीटरचे तीन-चार मोकळे स्ट्राइड (न ताणता थोडं वेगात पळणं), बास. नवीन बूट त्या दिवशी काढायचे नाहीत, आणि रात्री मित्रांनी मटणाला बोलावलं तर रेस झाल्यावर येतो म्हणून सांगायचं.