कॉम्प्युटरला हरवून झालं? आता एज ऑफ एम्पायर्स माणसांशी खेळा

हॉस्टेलच्या लॅनवर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (गाव वसवायचं, फौज उभारायची आणि समोरच्याला हरवायचं, असा कॉम्प्युटर गेम) खेळलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की तो गेम तिथेच राहिला. मूळ गेम १९९९चा, ‘कॉन्करर्स’ ही पुरवणी २०००ची, आणि तो बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ २००९ साली बंद पडला. खेळणारे मात्र हटले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या ‘झोन’ या ऑनलाइन सेवेवर सोय राहिली नाही तेव्हा ते व्हूब्लीसारख्या ठिकाणी जमले. २०१२ मध्ये चाहत्यांनी ‘फरगॉटन एम्पायर्स’ हा मॉड (गेममध्ये चाहत्यांनी केलेली भर) काढला, पुढच्याच वर्षी त्याची अधिकृत पुरवणी झाली, आणि २०१९च्या डेफिनिटिव्ह एडिशनमागेही (गेमची नव्याने केलेली आवृत्ती) हीच मंडळी होती. २०२२च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ पुरवणीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर या खेळायच्या नव्या सिव्हिलायझेशन आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या किल्ल्यात या गेमची स्पर्धा भरली. या मंडळींत शिरायचं तर रँक्ड सामने (हारजितीवर गुण मिळतात-जातात ते) खेळायला लागणं हा सरळ रस्ता. तो कसा धरायचा ते सांगतो.

आधी मशीन तपासा. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये मशीनचा दम मोजणारी एक बेंचमार्क चाचणी आहे. तिच्यात १००० गुण पडल्याशिवाय रँक्ड सामना मिळत नाही. ही अट उगाच नाही. या गेममध्ये प्रत्येकाचं मशीन अख्खी लढाई स्वतः चालवतं आणि नेटवरून फक्त हुकूम जातात: हा व्हिलेजर (राबणारा गावकरी) तिकडे गेला, तो घोडा इकडे वळला. त्यामुळे सगळ्यांना एकाच तालात चालावं लागतं, आणि एकाचा लॅपटॉप दमला की सामन्यातले आठही जण रांगतात. गुण कमी पडले तर सावल्या आणि पाण्याचे इफेक्ट बंद करा, मोठ्या ग्राफिक्सचा वेगळा पॅक टाकला असेल तर काढा. वायफायपेक्षा केबल बरी. वेगही १.७ वर ठेवून सराव करा. रँक्डमध्ये तोच असतो, आणि कॉम्प्युटरशी सावकाश खेळायची सवय असलेल्यांचा पहिला घाम तिथेच निघतो.

आता मुख्य गोष्ट. १००० एलोच्या (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) आसपास हरणारा लढाईत कमी पडून हरत नाही. त्याचे व्हिलेजर कमी असतात, म्हणून हरतो. एक व्हिलेजर ५० अन्नात आणि २५ सेकंदांत तयार होतो. टाऊन सेंटर (व्हिलेजर काढणारी मुख्य इमारत) दोन मिनिटं रिकामं राहिलं तर जवळजवळ पाच माणसं गेली, आणि ती जन्मभर जे गोळा करणार होती तेही गेलं. तेव्हा पहिली दहा मिनिटं पाठ करा, बाकीचं नंतर.

सामना सुरू होताच एच दाबून टाऊन सेंटर निवडा आणि क्यू चार वेळा दाबा. हाताशी २०० अन्न असतं, म्हणजे नेमके चार व्हिलेजर. पण तीन व्हिलेजर आणि एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) धरून लोकसंख्या आधीच ४ असते आणि टाऊन सेंटर सांभाळतं फक्त ५. म्हणून पहिल्याच क्षणी दोघांना घर बांधायला लावा (२५ लाकूड), नाहीतर दुसरा व्हिलेजर अडकलाच. स्काउट मेंढ्या शोधायला जाईल.

पहिले सहा जण मेंढ्यांवर. सहाच का, याचा हिशेब आहे. मेंढीवरचा एक माणूस सेकंदाला साधारण ०.३३ अन्न आणतो, सहा जण मिळून दोन. टाऊन सेंटरला सतत व्हिलेजर काढायला सेकंदाला दोनच अन्न लागतं. मेंढी मात्र टाऊन सेंटरला चिकटून आणि एका वेळी एकच मारा, कारण मारलेल्या मेंढीचं मांस सडत जातं.

सातव्यापासून दहाव्यापर्यंत लाकडावर, लंबर कॅम्प (लाकूड जमा करायची इमारत) झाडांना अगदी खेटून. अकरावा ३:२०ला बाहेर येतो, त्याला रानडुकरावर पाठवा. बाण लागला की लगेच टाऊन सेंटरकडे पळवा, डुक्कर मागे येईल आणि मेंढ्यांवरचे सगळे मिळून त्याला लोळवतील. नवख्यांचा पहिला बळी इथेच जातो. व्हिलेजरचा जीव २५, डुकराचा दणका ७, म्हणजे चार दणक्यांत खेळ खलास. लूम (टाऊन सेंटरमधली व्हिलेजरला बळकट करणारी सुधारणा) घेतल्यावर जीव ४० होतो, दणकाही ६चा बसतो, आणि सात दणके लागतात. पहिले काही सामने डुकराआधी लूम घेतलंत तरी चालेल. २५ सेकंद जातील, पण माणूस वाचेल. डुकराने पळणाऱ्याला गाठलंच तर त्याला टाऊन सेंटरच्या आत घाला.

बारावा एक घर बांधून बेरीच्या झुडपांजवळ मिल (अन्न जमा करायची इमारत) उभारेल आणि पंधराव्यापर्यंतचे सगळे तिथेच. सोळावा दुसऱ्या डुकरावर. सतरा ते वीस लाकडावर. मग लूम राहिलं असेल तर ते, आणि फ्यूडल एजचं, म्हणजे दुसऱ्या युगाचं, बटण (५०० अन्न). टाऊन सेंटर एकदाही थांबलं नसेल तर ही वेळ ७:३०ची येते. सुरुवातीला नऊ मिनिटं लागली तरी ठीक, अकरा लागत असतील तर काहीतरी थांबतंय. फ्यूडलसाठी डार्क एजच्या (पहिल्या युगाच्या) दोन इमारती लागतात, पण त्यात मिल आणि लंबर कॅम्प धरतात. बॅरॅकशिवाय (पायदळाची इमारत) पुढे जाता येत नाही हा गैरसमज फार जुना.

वर जायला १३० सेकंद लागतात. त्यात बॅरॅक बांधून घ्या (१७५ लाकूड), फ्यूडलला पोचताच स्टेबल, म्हणजे घोड्यांची पागा (आणखी १७५), मग स्काउट, एकाला ८० अन्न. तीन-चार स्काउट घेऊन समोरच्याच्या लाकूडतोड्यांना छळा. भालेवाला दिसला की पळा, त्याच्याशी झुंजू नका. या गडबडीत घरी शेतं लावायची राहतात, आणि इथेच बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. शेताला ६० लाकूड, म्हणून लाकडावरची माणसं कमी करू नका.

सिव्हिलायझेशन एकच धरा. फ्रँक्स सोपे: मिल असली की शेतीच्या सुधारणा फुकट, घोडदळाला २० टक्के जास्त जीव. गुर्जर, द्रविड कितीही मोह घालोत, नंतर. स्काउटनंतर कॅसल एजमध्ये (तिसऱ्या युगात) नेहमीची पुढची पायरी म्हणजे नाइट, जड घोडेस्वार. गुर्जरांना तर नाइटच नाही, तेव्हा वर पाठ केलेला खेळ तिथे तसाच पुढे नेता येत नाही.

रँक्डला बसण्याआधी गेममधले ‘आर्ट ऑफ वॉर’चे धडे करा. ब्राँझ पदकावर समाधान मानू नका. एलो १००० पासून सुरू होतो, दहा सामने झाल्यावर यादीत नाव येतं, आणि बरोबरीच्या माणसाकडून हरल्यास साधारण १६ गुण जातात. पहिल्या दहात सात-आठ हार पक्क्या धरा. गुण घसरत घसरत तुमच्या जोडीच्या माणसांपर्यंत येता, मग खेळात मजा येते.

रीतभात थोडीच. सुरुवातीला ‘जीएलएचएफ’ (गुड लक, हॅव फन), सोडताना ‘जीजी’ (गुड गेम), आणि हरलेला आधी म्हणतो. जिंकणाऱ्याने आधी म्हटलं तर ते टोचतं. चॅटमध्ये नुसता आकडा टाकला की आवाज येतो: ११ म्हणजे हसणं, १४ म्हणजे ‘सुरू करा की आता’, आणि १३ म्हणजे ‘हो हो, ढकला सगळं इंटरनेटवाल्यावर’. आपल्याकडे पावसाळ्यात हा शेवटचा वारंवार कामी येतो. टीममध्ये कुणी ३ टाकलं तर अन्न मागतोय. पण पाठवायला तुमच्याकडे मार्केट लागतं आणि वर ३० टक्के कापले जातात, म्हणून ते नसेल तर तसं लगेच लिहा. गप्प राहिलं की भांडण.

हरल्यावर लगेच पुढचा सामना लावू नका. रेकॉर्डिंग आपोआप साठतं. ते त्याच दिवशी बघा, कारण नवं अपडेट आलं की जुनं रेकॉर्डिंग उघडत नाही. लढाई बघायची नाही. फ्यूडलचं बटण दाबलं तिथे थांबवा आणि दोन्हीकडचे व्हिलेजर मोजा. मग पंधराव्या मिनिटाला पुन्हा मोजा. त्याचे बत्तीस आणि तुमचे पंचवीस निघाले, तर मागे जाऊन टाऊन सेंटर केव्हा आणि कशामुळे रिकामं पडलं ते शोधा. बहुतेक वेळा घर बांधायचं राहिलेलं असतं.