एनॅमलवर चेहरा भाजायचा तर

कागदावरचे फोटो फिके पडतात, ही तक्रार फोटोइतकीच जुनी. त्यावर पॅरिसच्या लाफों द कामार्साकने 1854 मध्ये तोडगा काढला: चेहरा धातूच्या ऑक्साइडांनी उमटवायचा आणि एनॅमलवर, म्हणजे धातूवर वितळवून बसवलेल्या काचेच्या थरावर, भाजून टाकायचा. मी सांगतेय ती एकोणिसाव्या शतकातली भुकटीची पद्धत. हल्ली प्रिंटरवर स्टिकर काढून भाजून देतात; तेवढंच हवं असेल तर पुढे वाचायचे कष्ट घेऊ नका.

तांब्याचा पत्रा किंचित फुगीर घ्या. एनॅमल पाठीमागूनही हवं, नाहीतर पत्रा वाकतो आणि तडे जातात.

डिंक, मध आणि अमोनियम बायक्रोमेट (उजेडात थर कडक करणारं रसायन) यांचं द्रावण गाळून काचेवर पातळ ओता आणि मंद उबेवर वाळवा. बायक्रोमेट विषारी आहे, हातमोजे घालाच. त्यावर पॉझिटिव्ह फिल्म (निगेटिव्ह नव्हे) दाबून बसवा आणि उन्हात धरा. ऊन लागतं तिथे थर कडक होतो. केस, भुवया, काळा कोट यांच्याखाली चिकटपणा टिकतो.

खरं काम इथून पुढे. काच थोडा वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे थर हवेतला ओलावा ओढून घेतो. पुण्यात मे महिन्यात भुकटी धरतच नाही, आणि जुलैत कपाळसुद्धा काळं होतं. मी तर पावसाळ्यात हे काम काढतच नाही. नाकावर मास्क बांधा, काळ्या एनॅमल रंगाची वस्त्रगाळ भुकटी मऊ ब्रशवर घ्या आणि न दाबता गोल गोल फिरवा. आधी बुबुळं दिसतात, मग मिशी. गालाची छटा सगळ्यात उशिरा येते. ती आली की हात आवरा. आणखी एक फेरा मारायचा मोह होतोच, आणि चेहरा तिथेच बिघडतो.

वर कोलोडियन (वाळलं की पातळ पापुद्रा धरणारं द्रावण) ओता. त्यात ईथर असतो, जवळपास ज्योत नको. सौम्य आम्लाच्या पाण्यात बायक्रोमेटचा पिवळेपणा निघून जातो आणि चित्रासकट पापुद्रा सुटतो. तो पत्र्यावर अलगद घ्या. डावं-उजवं तपासा, भांग उलट्या बाजूला गेला तर घरच्यांना लगेच खटकतं.

पूर्ण वाळल्याशिवाय भट्टी नाही, फोड येतात. आधी भट्टीच्या तोंडाशी धरून कोलोडियन जळू द्या, मग साधारण 800 अंशांत आत सरकवा. पृष्ठभाग चकाकला की बाहेर. गालांना लाली हवी असेल तर सोन्यापासून केलेला गुलाबी रंग ब्रशने लावून पुन्हा भाजा, यावेळी आच जरा कमी.