पुरात गुरं हलवायला उतरताय? आधी कानातला बिल्ला वाचा

दोर, बॅटरी, गमबूट हे मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. पोहणाऱ्या गुरांचीही फार चिंता नको. गाय-म्हैस चांगली पोहते. बुडतं ते बांधलेलं जनावर, म्हणून पाणी चढायला लागलं की पहिलं काम दावं सोडण्याचं, नाही सुटलं तर कापण्याचं.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. नागपुरात रस्त्यावर बसलेली गाय बेवारशी असेलच असं नाही. कित्येक गायी धार काढून सोडलेल्या असतात, संध्याकाळी आपसूक गोठ्यावर जातात. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा अशीच गुरं भलत्याच गल्ल्यांत अडकली होती. आम्ही एक गाय वर काढली, आणि गाडीत चढवताना मागून आवाज आला, "काऊन जी, माही गाय कुठी नेऊन राह्यले?" पाचच मिनिटांत आम्ही चोर झालो. हातात कागदाचा चिटोरा नव्हता.

म्हणून बिल्ला. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडे असतात आणि सरकारी नोंदीत त्यांच्यापुढे मालकाचं नाव. पुरात तो चिखलाने माखलेला असतो, गाय कान झटकत असते, मग 'नंतर बघू' होतं. नंतर कोणी बघत नाही. ओल्या फडक्याने पुसा. एकाने चार-चार आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने लिहून परत म्हणून दाखवायचे, मग फोटो. नुसत्या फोटोवर भिस्त नको, चिखलात ३ चा ८ दिसतो. बिल्ला नसेल तर शिंगांची ठेवण, कपाळावरचा ठिपका, सापडल्याची जागा लिहा. मेलेल्या जनावराचं तर दुप्पट काटेकोरपणे. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर सरकारच्या आपत्ती मदतीच्या निकषांत ३७,५०० रुपयांची मदत आहे, पण पंचनामा लागतो. जेसीबीने उचलून पुरल्यावर पंचनामा कशाचा करणार? गवळ्याच्या घरचं वर्ष त्या कागदावर असतं.

बाकी जमतं, घाबरू नका. गाईला पुढून ओढलं की ती पाय रोवते; बाजूने, खांद्याच्या जरा मागे उभं राहिलात की चालू लागते. थेट मागे उभं राहू नका, तिथलं तिला दिसत नाही आणि लाथ बसते. वासरू पुढे न्या, आई येते. गळ्यात सरकफास कधीच नाही. कुशीवर पडलेली गाय छातीवर बसती करा, नाहीतर पोट फुगतं.

आणि 'भुलीचं इंजेक्शन द्या, सोपं होईल' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. भूल दिलेल्या गुराचं पोट फुगतं, चारा उलटून श्वासनळीत जातो. तो निर्णय पशुवैद्यकाचाच. मोबाइलवरचे दोराचे व्हिडिओ बघून आलेल्यांपेक्षा मला म्हातारा गवळी केव्हाही चालेल, तुसडा असला तरी.

जखमी जनावरासाठी १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन नंबर लावा. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. पाणी ओसरल्यावर घटसर्प, फऱ्या या गुरांच्या रोगांच्या लसीचं मालकाला विचारा. आणि नोंदीसाठी पेन नको, शिसपेन्सिल ठेवा. पावसात पेनाची शाई पसरते.