दातांच्या आम्लझिजेवर फ्लोराइडची चाचणी कशी घ्यावी

फ्लोराइडचा कोणता उपचार आम्लापासून दातांचे रक्षण करतो हे पडताळायचे असेल, तर अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा शाळकरी प्रयोग आधी बाजूला ठेवावा. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि दाताचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या खनिजाचे.

उपचारासाठी काढलेल्या मानवी दातांचे किंवा गाईच्या दातांचे तुकडे रेझिनमध्ये बसवून सपाट घासावेत, त्यांचा मूळ कठीणपणा मोजावा आणि प्रत्येक गटाची सरासरी जवळपास सारखी राहील अशा बेताने ते वाटावेत. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग नेलपॉलिशने झाकावा, म्हणजे न झिजलेली बाजू तुलनेसाठी शिल्लक राहते. एका गटाला सोडियम फ्लोराइड, दुसऱ्याला स्टॅनस (कथिलाचे) फ्लोराइड आणि तिसऱ्याला फ्लोराइडविरहित द्रावण द्यावे. हा तिसरा गट वगळला, तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

दिवसातून काही वेळा तुकडे सुमारे ३ पीएचच्या सायट्रिक आम्लात काही मिनिटे ठेवावेत आणि मधल्या काळात कृत्रिम लाळेत. आम्ल दर वेळी ताजे घ्यावे, कारण विरघळलेल्या खनिजामुळे जुन्या आम्लाचा जोर ओसरतो. शेवटी नेलपॉलिश अ‍ॅसिटोनने काढून दोन्ही भागांच्या उंचीतील फरक प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाचे चढउतार मोजणाऱ्या यंत्राने) मायक्रोमीटरमध्ये मोजावा. मोजणाऱ्याला गट कळू देऊ नये. स्टॅनस फ्लोराइडचा कथिलयुक्त थर आम्लापुढे बहुधा अधिक तग धरतो, मात्र त्याने दातांवर डाग पडू शकतात, तेही नोंदवावे.