जुन्या संगणकासाठी बूटेबल पेनड्राइव्ह तयार करताना

विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची अट पूर्ण न करणारे कितीतरी धडधाकट संगणक विंडोज ११ पासून वंचित राहिले. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या कारखान्याच्या कचेरीत पत्रव्यवहार आणि इंटरनेटपुरता वापरला जाणारा असा संगणक असेल, तर त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली बसवणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. त्यासाठी आधी बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा पेनड्राइव्ह, तयार करावा लागतो. मात्र हिशेब टॅलीवर होत असतील, तर ते विंडोजसाठीच असल्याने आधी त्याची सोय पाहावी. आणि यंत्राला जोडलेल्या संगणकाला यंत्र पुरवणाऱ्याशी बोलल्याखेरीज हात लावू नये.

नवी प्रणाली आयएसओ नावाच्या फाइलच्या रूपात मिळते, पण ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून संगणक सुरू होत नाही. त्या फाइलमध्ये संपूर्ण डिस्कची प्रतिमा बंदिस्त असते, आणि ती संगणकाला सुरू होताना वाचता येईल अशा रचनेत पेनड्राइव्हवर उतरवावी लागते. विंडोजवर हे काम रुफस हा मोफत आणि छोटा प्रोग्राम करतो.

लिनक्स मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते, त्यामुळे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. राजारामपुरीतल्या कोणत्याही संगणकाच्या दुकानात तो मिळेल. परंतु नाममात्र किमतीत १ टीबी देऊ करणाऱ्या पेनड्राइव्हच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यांची खरी क्षमता बहुधा फारच कमी असते. आयएसओ फाइल लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिथे दिलेली ६४ अक्षर-अंकांची एसएचए-२५६ खूण (फाइल जशीच्या तशी उतरली की नाही हे पडताळण्याची) विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीतील गेट-फाइलहॅश या आज्ञेने ताडून पाहावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडले की दोष संगणकाला देतात.

रुफस उघडण्यापूर्वी इतर सर्व पेनड्राइव्ह काढून ठेवावेत, कारण निवडलेल्या पेनड्राइव्हवरचे सारे पुसले जाते. बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्क रुफस सहसा यादीत दाखवत नाही. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, तेव्हा ती बदलू नये. पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडल्यावर ‘पार्टिशन स्कीम’चा, म्हणजे डिस्कचे विभाग नोंदवण्याच्या पद्धतीचा, प्रश्न येतो आणि खरी गफलत येथेच होते. ज्या संगणकावर प्रणाली बसवायची आहे, त्यावर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’समोर काय लिहिले आहे ते पाहावे: ‘यूईएफआय’ (संगणक सुरू होण्याची नवी पद्धत) असेल तर जीपीटी, ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर एमबीआर हा पर्याय निवडावा. ज्यावर आपण पेनड्राइव्ह तयार करत आहोत, त्या संगणकाचा येथे काही संबंध नाही. ‘स्टार्ट’ दाबल्यावर रुफसने आयएसओ की डीडी असे विचारले, तर आधी आयएसओ पद्धत निवडावी आणि त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू झाला नाही तरच डीडी, म्हणजे प्रतिमा जशीच्या तशी उतरवण्याची पद्धत, वापरावी.

लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, तर ते पुन्हा केले की भागते. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन मात्र यूपीएसवरच करावे, विशेषतः पावसाळ्यात, कारण डिस्कचे विभाजन बदलत असताना संगणक बंद पडला तर जुनी प्रणालीही हाताशी राहत नाही.

आता महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, बिटलॉकर ही विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी आणि पेनड्राइव्ह लावून संगणक पुन्हा सुरू करावा. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक संगणकांवर एफ१२, तर एचपीच्या संगणकांवर एफ९ दाबल्यास बूट मेनू, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची यादी, येतो; तिथे पेनड्राइव्ह निवडावा. लिनक्स मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालते आणि तोवर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. या अवस्थेत वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घ्यावेत. जुना प्रिंटर चालत नाही हे इन्स्टॉलेशननंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. सारे ठीक असेल तरच पडद्यावरील ‘इन्स्टॉल’चे चिन्ह उघडावे.

काम झाल्यावर तोच पेनड्राइव्ह नेहमीच्या वापरासाठी हवा असेल, तर रुफसमध्येच ‘नॉन बूटेबल’ निवडून तो फॉरमॅट करावा. डीडी पद्धतीने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजला नीट वाचता येत नाही, म्हणून तो बिघडला असे समजून टाकून देऊ नये.