जुन्या पेठेतील अरुंद गल्लीची आखणी कशी करावी

धुळ्यात ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या पेठेतील गल्ल्या सरळ असून आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. खानदेशातील इतर जुन्या गावठाणांतले बोळ मात्र वाकडेतिकडे आहेत. अशा गल्लीची रुंदी सहा मीटर धरली, तर त्यातूनच पायी माणूस, लोटगाडी, दुचाकी आणि मालाचा टेम्पो जायचा असतो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. दोन्ही बाजूंना तो घातल्यास मध्ये 2.4 मीटर उरतात आणि टेम्पोची चाके पदपथावर चढतात. म्हणून सगळी गल्ली एकाच पातळीत घ्यावी आणि वाहनाचा वेग पायी चालणाऱ्याच्या वेगाजवळ आणावा. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे 1960 च्या दशकाच्या अखेरीस हा मार्ग धरला गेला आणि 1976 मध्ये तेथे त्याला कायद्याचे रूप मिळाले.

पहिले काम पाण्याचे. जुन्या डांबरावर नवा थर चढत गेल्याने रस्ता घराच्या ओट्याइतका उंच होतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उंबरठा ओलांडते. त्यामुळे आधी जुने थर खरवडून काढावेत, प्रत्येक ओट्याची उंची मोजून कागदावर उतरवावी आणि मगच उतार ठरवावा. गटार झाकलेले असावे. त्याची झाकणे दोन माणसांना उचलता आली पाहिजेत, नाही तर साफसफाई थांबते.

फलकाने वेग कमी होत नाही. गल्लीच्या तोंडाशी रस्ता सुमारे दहा सेंटीमीटर उचलून दगडी फरसबंदी करावी, म्हणजे चालकाला आपण दुसऱ्याच्या अंगणात शिरत आहोत हे चाकातूनच कळते. आत दर तीस-चाळीस मीटरवर झाड, बाक किंवा दुचाकींचा थांबा आलटून-पालटून ठेवून सरळ धाव मोडावी. अग्निशामक बंबासाठी 3.5 मीटर वाट मात्र सलग मोकळी राखावी. माल उतरवण्याची वेळ दुकाने उघडण्यापूर्वीची ठरवावी.

एका गोष्टीत तडजोड करू नये. एकसपाट रस्त्यात दृष्टिहीन व्यक्तीला काठीने चाचपडायला कडा सापडत नाही, आणि अशा रचनांवरचा हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. एका भिंतीलगत किमान एक मीटरची पट्टी, पायाला जाणवणाऱ्या खडबडीत फरशीने वेगळी करून, ओटा, पायरी आणि दुचाकी यांपासून कायम मोकळी ठेवावी.

मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या भागात सावली नसलेल्या रस्त्यावर दुपारी कोणी चालत नाही. फिकट रंगाचा दगड आणि जागा सापडेल तिथे कडुनिंब, एवढे तरी करावेच.

दगड मागवण्यापूर्वी फक्कीने रेषा आखून, कुंड्या व पिंप मांडून पंधरा दिवस ही रचना चालवून पाहावी. त्या काळात आठवडे बाजाराचा दिवस यावा आणि जमल्यास खानदेशातल्या कानबाई देवीची मिरवणूकही. जिथे बायका-मुलांना थबकावे लागले, तिथली कुंडी त्याच दिवशी हलवावी आणि नवी जागा नकाशात नोंदवावी.